थोरलीच्या पोटातलं ढावलो

आमच्या घरी दोन जुने कम्प्युटर आहेत. एकीला मी थोरली म्हणते, दुसरीला धाकटी. पुसदला बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं टायपिंगचं दुकान होतं, तेव्हा दोघी एकाच टेबलावर जावांसारख्या नांदल्या. थोरली आधी आली, कष्ट तिलाच जास्त पडले. धाकटी चार-पाच वर्षांनी आली. तिला रंगीत पडदा मिळाला, गाणी वाजवायला आवाज मिळाला, पेनड्राइव्ह खुपसायची खाच मिळाली. थोरलीला यातलं काही नाही. तिला फक्त फ्लॉपीची खाच, चौकोनी, पोस्टाच्या पेटीसारखी. दुकान बंद केलं तेव्हा सगळे म्हणाले, भंगारात घाला. मी नाही घातलं. धाकटीवर आमचे हे पत्ते खेळतात. आणि थोरली माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून सज्ज्यावर ठेवली होती.

ठेवली होती ती काही मायेपोटी नाही, म्हणजे नुसत्या मायेपोटी नाही. तिच्या पोटात एका बाईचं गाणं होतं, आणि ते मी सांभाळीन असा शब्द दिलेला होता.

आता ही बाई कोण ते सांगते, पण आधी तिच्या लेकीचं. माझ्याकडं टायपिंग शिकायला एक मुलगी यायची. मुलगी कसली, माझ्याच वयाची, दोन लेकरांची आई. तांड्यावरून रोज सायकलनं यायची, नऊ किलोमीटर. मी स्वतः काही शिकलेली मास्तरीण नव्हते. मॅट्रिकच्या पुढं शाळा नाही पाहिली. टायपिंग शिकले ते एका फाटक्या पुस्तकातलं बोटांचं चित्र बघून, पाटावर खडूनं कळा काढून. पण ती मला पहिल्या दिवशी बाई म्हणाली आणि मैत्रीण झाली तरी आजतागायत बाईच म्हणते. पुढं तिला सरकारी कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली, रिटायरही झाली. तरी बाजाराला आली की आमच्या ओट्यावर चहा प्यायल्याशिवाय जात नाही.

तिची आई बंजाऱ्यांच्या तांड्यातली गाणारी. त्यांच्यात नवरी सासरी निघते ना, तेव्हा ती नुसती रडत नाही. आईच्या, काकूच्या, मैत्रिणीच्या, एकेकीच्या गळ्यात पडून रडत रडत गाते. त्याला ते ढावलो म्हणतात. ते काही आपोआप येत नाही, शिकावं लागतं. लग्नाच्या आधी तांड्यातल्या म्हाताऱ्या पोरीला बसवून शिकवतात. माझ्या मैत्रिणीच्या आईनं असं निम्म्या तांड्याच्या पोरींना रडायला शिकवलं होतं. आईला त्यांच्या बोलीत याडी म्हणतात, म्हणून मीही त्या बाईला याडीच म्हणायची.

तर पंचवीसेक वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात ही मैत्रीण याडीला घेऊन दुकानात आली. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आरशांचं काम केलेली ओढणी, आणि चेहरा असा की समोरच्यानं आपोआप उठून खुर्ची द्यावी. मैत्रीण म्हणाली, "बाई, आताच्या पोट्ट्या शिकतच नाहीत. याडी म्हणते, तुझ्या त्या डब्यात भरून ठेव."

"भरते ना," मी म्हटलं. "सांगा तुम्ही, याडी."

आणि याडी गायला लागली, गोर बोलीत. आता खरं सांगायचं तर ती बोली मला तेव्हा ओ का ठो कळत नव्हती. पण टायपिंगवालीला कळायची गरज कुठं असते? कोर्टाचे कागद तरी मला कुठं कळायचे? कानावर पडेल ते बोटांतून खाली सोडायचं, हाच माझा धंदा. याडी टेबलावर बांगड्या वाजवत ताल धरायची, मी मान खाली घालून मारत राहायची. पाऊण तास चाललं. शेवटी याडीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि मला समजेल असं वऱ्हाडीत म्हणाली, "सांभाळजो माय."

पुढच्या वर्षी याडी गेली. एक कागद छापून दिला होता, तो मैत्रिणीच्या पेटीत उधईनं खाल्ला. तिनं दोन-तीनदा विचारलं, "बाई, ते याडीचं आहे ना?" मी दरवेळी म्हणायची, "थोरलीत आहे. कुठं जाते?" आजचं उद्यावर गेलं, दुकान बंद झालं, थोरली सज्ज्यावर गेली. माझ्या मनात मात्र पक्कं होतं, की गाणं सुखरूप आहे.

या वर्षी मे महिन्यात मैत्रीण भर दुपारी आली. डोक्यावर ओलं फडकं, तोंड लालबुंद. चहाही नको म्हणाली.

"बाई, नातीनचं लग्न आहे. सहा दिवस राह्यले."

"मले माहीत आहे की, पत्रिका आली ना आमाले."

"थे पोट्टी म्हणते, आजी, मी पणजीचंच ढावलो म्हणन. दुसरं नाही म्हणत. नाही तर मुकीच जातो म्हणते."

ही नात नागपूरला नर्स आहे. मोबाइलवर जगभरची गाणी ऐकते. तिला पणजीच्या गाण्याचं काय वेड लागलं कोण जाणे. पण पणजी तिनं पाहिलेली नव्हती, म्हणूनच असेल.

"मंग शिकव की तू," मी म्हटलं. "तुझ्या तर मायचं आहे."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग हळू म्हणाली, "मले सुरुवात येते, बाई. अन् शेवटचं येते थोडं. मधलं तुटलं. तांड्यात सगळ्याईले इचारलं. ज्याईले येत व्हतं त्या गेल्या सगळ्या. मी याडीजवळ एवढी वर्षं राह्यली, अन् मले मधलं येत नाही."

मी उठले आणि ह्यांना हाक मारली. आमचे हे टेलिफोन खात्यात लाइनमन होते. खांबावर चढून चढून गुडघे गेले, आणि आता दोन वर्षांपासून हात थरथरतात. चहाची कपबशी धरली की बशी वाजते, मग मी दुसऱ्या खोलीतून समजते की चहा संपत आला.

"अहो, थोरली काढायची आहे."

"आता कायले?" ते आतून म्हणाले. "दसरा आहे का आज?"

हा टोमणा होता. दर दसऱ्याला मी थोरलीला सज्ज्यावरून उतरवून पूजा करायची. हळद, कुंकू, अक्षता, आपट्याचं पान. दुकान होतं तेव्हा करत होते, नंतर का सोडायचं? तिनं आम्हाला जेवू घातलं. हे दरवर्षी म्हणायचे, "गणपतीची नाही एवढी पूजा या डब्याची." तर त्या दिवशी तिघांनी मिळून तिला उतरवलं, म्हणजे मैत्रीण स्टुलावर, मी खाली, आणि हे लांबून सूचना देत. वायर लावली. पंखा घुरघुरला, पडद्यावर हिरवट उजेड आला, आणि मी मनातल्या मनात याडीला म्हटलं, बघ, सांभाळलं की नाही.

पण तिची विंडोज काही उघडेना. दोनदा, चारदा. अर्ध्यावर येऊन अडकायची, रुसलेल्या बाईसारखी. शेवटी नुसता काळा पडदा आला, आणि एक छोटी रेघ लुकलुकत राहिली. आता या काळ्या पडद्याला हल्लीची मुलं घाबरतात. मी नाही. मी शिकले तेच त्याच्यावर. माझ्या बोटांना ते सगळे हुकूम आठवत होते, डोक्याला नसतील. फायली कुठं आहेत ते विचारलं, तर थोरलीनं भराभरा यादी दाखवली. होत्या. सगळ्या होत्या! पण याडीची कोणती? तेव्हा फाइलीला आठच अक्षरांचं नाव देता यायचं. मी काहीतरी आखूड नाव ठोकून दिलं असणार. दोन-चार उघडून बघितल्या, तर पडद्यावर नुसता खिचडा, आणि तोही सरसर वर पळणारा.

"फ्लॉपीत भरा ना सगळं, बाई," मैत्रीण म्हणाली.

फ्लॉपी होत्या घरी, डबाभर. एक खाचेत घातली तर अर्धीच गेली. दाबली, तर आतून कुरकुर आवाज आला. ह्यांनी चष्मा लावला, पेचकस घेतला, आणि पेचकस धरता येईना म्हणून मैत्रिणीच्या हातात दिला. "तिकडचे दोन काढ. हाव. आता ओढ बाहेर."

खाचेचं झाकण निघालं आणि आतून टेबलावर तांदूळ पडले. वीस-पंचवीस दसऱ्यांच्या अक्षता! पिवळ्या, लाल, काही काळ्या पडलेल्या. आपट्याच्या पानाचा भुगा. आणि कुंकवाचा एक थर, डोसा लावल्यासारखा. मी दरवर्षी भक्तिभावानं नेमक्या त्या खाचेवर अक्षता वाहत होते. म्हटलं, हेच तिचं तोंड.

मग हे म्हणाले, "लगित जेवू घातलं तू तिले."

मैत्रीण हसली नाही. मी पण नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावातल्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला आतली डिस्क काढून नागपूरला पाठवावी लागेल, पंधरा दिवस धरा, आणि निघेलच असं सांगता येत नाही. पंधरा दिवस! आणि गाणं हाती आल्यावर पोरीला शिकायलाही दोन-तीन दिवस हवेतच.

मैत्रीण उठली. डोक्याला फडकं बांधू लागली. "जाऊ द्या बाई. तुमची काही चूक नाही." असं म्हणाली म्हणूनच जास्त लागलं.

"बस वो," हे म्हणाले. "थांब जराशी. केबल आहे ना."

केबल! मी साफ विसरले होते. दुकानात प्रिंटर धाकटीला जोडलेला असायचा. थोरलीवर टाइप केलेलं तिकडं न्यायला रोज फ्लॉपी कोण घालत-काढत बसेल, म्हणून ह्यांनी खात्यातल्या उरलेल्या तारा सोल्डर करून एक केबल बनवली होती. थोरलीच्या पाठीतून निघायची, धाकटीच्या पाठीत जायची. तेव्हा त्यांनी मला समजावलं होतं की यात सगळी मेख उलट जोडण्यात आहे. एकीच्या बोलण्याची तार दुसरीच्या ऐकण्याच्या पिनेत गेली पाहिजे, आणि दुसरीची पहिलीत. "सरळ जोडली तर दोघी बोलतात अन् ऐकत कोणीच नाही," म्हणाले होते. "तुमच्या भिशीवानी."

केबल त्यांच्या हत्यारांच्या पेटीत तळाशी निघाली. निळी, नारिंगी, तपकिरी तार, आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी. पण थोरलीच्या पाठीतलं भोक बघतो तर तिथंही माझी भक्ती पोचलेली. पिनांमध्ये हळद-कुंकू गच्च. मैत्रिणीनं जुना टूथब्रश घेतला, मी पेट्रोल आणलं शेजारच्यांच्या गाडीतलं, शिशीच्या झाकणात. ती एकेक पिन घासत होती, पोराचे दात घासावेत तशी. तोंडानं काही बोलत नव्हती, पण घासता घासता गुणगुणत होती, जेवढं येत होतं तेवढं. एका ठिकाणी यायची आणि थांबायची. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच थांबायची. मी आणि ह्यांनी एकमेकांकडं पाहिलं.

मग जोडलं. फाइली देण्याघेण्याचा जुना प्रोग्राम थोरलीत होताच, धाकटीत डब्यातल्या फ्लॉपीवरून टाकला आणि दोन्हीकडं सुरू केला. थोरलीला सांगितलं तू दे, धाकटीला सांगितलं तू घे. नाव ठाऊक नाही म्हणून सगळीच्या सगळी पेटी द्यायला सांगितली. पडद्यावर एक पट्टी आली आणि मुंगीच्या पावलानं सरकायला लागली. सरकली, सरकली, आणि थांबली.

"तुटलं," मैत्रीण म्हणाली.

हे टेबलाखाली वाकले, केबलचं डोकं जरा दाबलं. पट्टी सरकली. सोडलं, थांबली. एक पिन झिजलेली होती, दाबून धरल्याशिवाय टेकत नव्हती. चिकटपट्टी लावून पाहिली, दोरी बांधून पाहिली, नाही. माणसाच्या बोटाचाच दाब तिला हवा होता. आणि जागा अशी अडचणीची की भिंत आणि टेबल यांच्या मधे एकच माणूस बसू शकेल.

"मी धरतो," हे म्हणाले.

"तुमचे हात..."

"माझेच हात पाह्यजे तिथं. मले माहीत आहे कोणती पिन."

ते खाली बसले, गुडघ्यांचा कटकन आवाज झाला. दोन्ही हातांनी केबलचं डोकं धरलं आणि कोपरं मांड्यांमध्ये आवळून घेतली. मी पडद्याकडं बघत होते. पट्टी थांबली की मी ओरडायची, "हलू नका हो!"

"मी नाही हलून राह्यलो. हात हलून राह्यला."

"मंग हाताले सांगा."

"तूच सांग. तुझं ऐकते थो."

मैत्रीण मग जमिनीवर आडवी झाली, टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं हात घातला आणि त्यांच्या हातांवर आपला हात ठेवला. नुसता ठेवला, वजनासारखा. तीन हात एका केबलवर. पट्टी चालू झाली, आणि मग थांबली नाही. अर्धा तास गेला असेल. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. मी फाइलींची नावं एकेक करून वाचत होते: कुणाची शपथपत्रं, कुणाची लग्नपत्रिका, एका मंडळाची आरती. गावाची पाच-सहा वर्षं एका तारेतून चालली होती. ह्यांच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरत होता, आणि पुसता येत नव्हता, म्हणून मी पदरानं पुसत होते.

पट्टी पूर्ण झाली तेव्हा मी म्हटलं, "झालं." तरी दोघं हात काढेनात. "अहो झालं! सोडा!"

आता धाकटीवर फाइली आल्या. एकेक उघडत गेले, आणि पुन्हा तोच खिचडा. इंग्रजी अक्षरं, खुणा, आकडे, एकमेकांत मिसळलेले. कारण धाकटी मधे एकदा बिघडली होती तेव्हा दुरुस्तीवाल्यानं तिला धुऊन पुसून कोरी केली, त्यात तिचे मराठी फाँट गेले. अक्षरं आली होती पण त्यांचे कपडे आले नव्हते, असं म्हणा. फाँट पुन्हा टाकला की सगळं सरळ दिसतं, हे मला नंतर भाच्यानं फोनवर सांगितलं. त्या वेळी ते सुचलंच नाही. सुचलं नाही ते बरंच झालं.

एका फाइलीपाशी मी थांबले. का थांबले ते लगेच कळलं नाही. डोळ्यांना खिचडाच दिसत होता, पण उजवा हात टेबलावर आपोआप हलला. जुन्या मराठी टायपिंगची कळ आणि अक्षर यांची जोडी बोटांत बसलेली असते. डोळ्यांपुढं इंग्रजी असलं तरी बोटाला विचारायचं, बाबा, ही कळ मारली की काय उमटतं? मी मैत्रिणीला म्हटलं, "डोळे मीट. हात टेबलावर ठेव, क्लासमध्ये ठेवायची तसे. मी कळा सांगते."

तिनं ठेवले. मेणकापडावर, बोटं वाकवून, मनगटं वर. इतक्या वर्षांनी तिची मनगटं वर होती, मी शिकवली तशी.

"अर्धविराम," मी म्हटलं. उजवी करंगळी हलली. "के." मधलं बोट. "मोठा एम." पहिलं बोट खाली आलं. "एच." तेच बोट आडवं सरकलं.

डावी करंगळी शिफ्टपुरती, बाकी सगळं उजव्याच हातात. तिनं पुन्हा एकदा तेच मारलं, करंगळी, मधलं, पहिलं, पहिलं. मग म्हणाली,

"याडी."

गाण्याचा पहिलाच शब्द होता तो. नवरी आधी आईच्याच गळ्यात पडते.

पुढं मी कळा सांगत गेले, ती बोटांनी ऐकत गेली. थोड्या वेळानं मला ढकलून स्वतःच पडद्यासमोर बसली, आणि बोटं चालवत थेट बोलायला लागली. हे एका वहीत लिहून घ्यायला बसले, पण त्यांचं अक्षर थरथरतं, म्हणून वही मी घेतली. तुटलेलं मधलं आलं. त्यात नवरी आईला सांगते की वळणापर्यंत मला बघत उभी राहू नकोस. तू उभी दिसलीस तर माझा पाय उचलायचा नाही. तू घरात जा, चूल पेटव, धूर दिसला की मी समजेन आणि चालू लागेन. मैत्रिणीनं मला मराठीत करून सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. कामात होती. टायपिस्टची कामातली मान असते तशी मान.

मग एकदम थांबली. खुदकन हसली.

"काय झालं?"

"बाई, हे गाण्यातलं नाही. हे याडी मले म्हणून राह्यली." पुन्हा बोटं चालवून खात्री केली. "म्हणते, पंखा बंद कर वो, माझा आवाज उडून राह्यला."

मला काही समजेना. मग लख्ख समजलं. मला बोली कळत नव्हती ना! याडी जे जे बोलली ते मी गाणं समजून टाइप केलं होतं. गाताना मधेच लेकीला काही म्हणाली, तेही. पुढं आणखी एका ठिकाणी होतं: "ही बाई समदंच लिहून राह्यली का? बोटं थांबतच नाहीत हिचे." हे ऐकून आमचे हे असे हसले की ठसका लागला. म्हणाले, "बुढीनं एका घंट्यात ओळखलं तुले."

आणि अगदी शेवटी, गाणं संपल्यावर, एक ओळ होती. मैत्रीण तिच्यावर बराच वेळ बोटं फिरवत राहिली. मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं.

"म्हणते, तू काहून रडते? तुझं तर लग्न झालं कवाच." मग म्हणाली, "मी तिथं दाराशी उभी व्हती, बाई. मले वाटलं, याडीनं पाह्यलं नाही."

त्यानंतर मात्र ती रडली. आम्ही रडू दिलं. ह्यांनी चहा करून आणला. कपबशा वाजत वाजत आल्या.

चहा घेतल्यावर मी म्हटलं, "आता वहीत हे मधलं बोलणं खोडते. पोरीला फक्त गाणं दे."

"नाही," ती म्हणाली. "बाकीचं खोडा. पंख्याचं राहू द्या."

"अवो, लोक हसतीन."

"हसू द्या. पणजीचं पाह्यजे म्हणे ना पोट्टीले? हे पणजीचंच आहे."

तिथंच बसून तिनं सगळं मोबाइलमध्ये म्हणून नातीला पाठवलं. वही पदरात बांधली. जाताना थोरलीपुढं जरा उभी राहिली, हात जोडले, आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "पण तांदूळ नका टाकजा आता."

लग्नाला आम्ही दोघं गेलो. तांड्यावर मांडव मोठा, आणि कडेला भाड्यानं आणलेला पिंपाएवढा कुलर, इतका घोंगावणारा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं. उन्हं कलल्यावर नवरी निघायची वेळ झाली. बाया खाली बसल्या. पोरगी आधी आईच्या, मग आजीच्या, म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या गळ्यात पडली आणि ढावलो उचललं. पाच दिवसांत शिकली होती, पण आवाज पक्का. दोन म्हाताऱ्या एकमेकींकडं बघून माना डोलवायला लागल्या. त्यांना ओळखू आलं होतं. चुलीच्या धुराचं आलं तेव्हा मांडवभर पदर डोळ्यांना लागले. मैत्रिणीनं एका हातानं नातीला धरलं होतं, दुसरा हात मागं करून माझं मनगट धरलं होतं.

मग पोरीनं त्याच सुरात, तसंच हुंदका देत, पंख्याचं म्हटलं.

कोणी हसलं नाही. बायांनी ती ओळ मागून उचलली, जशी बाकीच्या उचलत होत्या तशीच. फक्त पलीकडं उभा असलेला नवरीचा मामा दचकला, इकडं तिकडं पाहिलं, आणि धावत जाऊन कुलरचं बटण बंद केलं.

पातं दोन-चार फेरे घेऊन थांबलं. मांडवात एकटा पोरीचा आवाज उरला, मागच्या रांगेतल्या बाईच्या कडेवरचं लेकरूसुद्धा तिकडं बघायला लागलं. माझ्या मनगटावर मैत्रिणीची बोटं हलत होती. तिला ते माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही. करंगळी, मधलं, आणि मग पहिलं बोट, दोनदा.